तळ्यातला मासा: धुऊन काय जातं आणि काय जात नाही

रोहूच्या तुकड्यांना हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवलं, तीन पाण्यांनी धुतलं, आमसुलाच्या पाण्यात बुडवलं, की मासा साफ झाला असं आपण धरून चालतो. मातकट वासापुरतं ते खरंही आहे. तो वास जिओस्मिन आणि एमआयबी या दोन द्रव्यांचा. तळ्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि तळच्या गाळातले काही जिवाणू ती तयार करतात. आंबट पाण्यात जिओस्मिनचं रूप बदलतं आणि वास मरतो. चिंच, आमसूल, लिंबू, काहीही चालतं. पण जिओस्मिन विषारी नाही, ते फक्त नाकाला खटकतं. जे खरोखर तब्येतीला घातक आहे त्याला वास नसतो, चव नसते, रंग नसतो, आणि आमसुलाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही.

म्हणून पाळलेल्या माशाबद्दल बोलताना पहिला प्रश्न 'मासा तळ्यातला की समुद्रातला' हा नसावा. कुठलं द्रव्य आहे, ते माशाच्या अंगात कुठे बसतं आणि तिथून ते कधी, कसं बाहेर पडतं, हे आधी विचारावं. काही द्रव्यं स्वयंपाकघरात कमी करता येतात. काही फक्त तळ्यावरच थांबवता येतात. आणि काही एकदा शिरली की माशाच्या आयुष्यात बाहेर पडतच नाहीत.

पाऱ्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याबद्दलच. मिथाइल पारा, म्हणजे माशात साठणारं पाऱ्याचं रूप, अन्नसाखळीत पायरी-पायरीने वाढत जातो. कटला पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो, रोहू वनस्पती खातो, मृगळ तळचा कुजका पाला खातो, आणि वर्षभरात तिघंही बाजारात येतात. म्हणजे पारा साठायला ना मोठी साखळी मिळते ना वेळ. मुशी, मोठी सुरमई, कुप्पा हे वर्षानुवर्षं दुसऱ्या माशांवर जगणारे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मिथाइल पाऱ्याची मर्यादा आठवड्याला, शरीराच्या दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम आहे. 60 किलो वजनाच्या बाईला आठवड्याला 96 मायक्रोग्रॅम. समजा माशात किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मायक्रोग्रॅम पारा आहे, तर ही मर्यादा गाठायला आठवड्याला 1 किलो 900 ग्रॅम मासा खावा लागेल. किलोला 0.5 मिलिग्रॅम असेल, तर 192 ग्रॅममध्येच आठवडा संपला. गरोदर बाईने मासे सोडू नयेत, मोठे शिकारी मासे सोडावेत, हे सांगणं या आकड्यांवर उभं आहे. गर्भाच्या मेंदूची जडणघडण चालू असताना पारा थेट तिथे पोहोचतो. तळ्यातली स्वच्छ कटल्याची तुकडी या हिशेबात समुद्रातल्या मुशीपेक्षा कितीतरी सुरक्षित.

मात्र पारा जिथे आहे तिथून तो काढता येत नाही. तो मांसातल्या प्रथिनांना, त्यातल्या गंधकाच्या भागाला चिकटून बसतो. तळलं, उकडलं, भाजलं तरी तो जागचा हलत नाही. उलट शिजताना मांसातलं पाणी उडतं आणि शिजलेल्या मांसात ग्रॅममागचं प्रमाण थोडं वाढतं.

शिसं आणि कॅडमियम यांचं वागणं वेगळं. शिसं हाडं, खवले, कल्ले आणि मूत्रपिंडात साठतं, कॅडमियम मूत्रपिंड आणि यकृतात. मांसात दोन्ही तुलनेने कमी. हे आपल्या हिताचं, फक्त साफ करणाऱ्याचा हात नीट हवा. रोहूचं पोट फाडून आतडी काढली की बहुतेक जण थांबतात. पण पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली काळपट लाल पट्टी तशीच राहते, ती म्हणजे मूत्रपिंड. कार्प जातीच्या माशांत तिचा मोठा गोळा हवेच्या फुग्याच्या दोन कप्प्यांमधल्या खाचेत असतो. फुगा काढला की तो दिसतो. अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याच्या टोकाने खरवडून वाहत्या पाण्याखाली ती जागा पांढरी होईपर्यंत धुवावी. डोक्याचं कालवण करायचं असेल तर कल्ले मुळापासून उपटावेत. अर्धवट कापलेले कल्ले डोक्यात ठेवून शिजवणं म्हणजे गाळ गाळणारी चाळणीच रश्श्यात टाकणं.

गावतळ्यांच्या बाबतीत शिशाचा प्रश्न जास्त खरा आहे. अनेक तलाव मच्छीमार संस्थांना मत्स्यपालनासाठी दिलेले असतात आणि त्याच तलावात दरवर्षी मूर्तींचं विसर्जन होतं. प्लास्टर ऑफ पॅरिस तळाशी बसतं, रंगातले धातू गाळात उतरतात. घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारा केंद्राचा नियम 2016चा आहे, पण त्याआधीच्या वर्षांचा गाळ तळाशीच आहे. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हा गाळ तोंडाने चाळून खातात, म्हणून अशा तळ्यात कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) यांच्यापेक्षा या दोघांची काळजी जास्त. विसर्जनाच्या तळ्यात मासे वाढवायचेच असतील तर मृगळ-सायप्रिनसचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडू नये, विसर्जनासाठी वेगळा हौद असावा आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की वरचा वीतभर गाळ काढून टाकावा. हा गाळ खत म्हणून पालेभाजीच्या वाफ्यात मात्र टाकू नका, नाहीतर तेच शिसं दुसऱ्या वाटेने घरात येईल. शिशाचं नुकसान लहान मुलांत सर्वात मोठं: बुद्धीच्या वाढीवर, आणि न भरून येणारं. काट्यांसकट कुरकुरीत तळलेली छोटी मासळी अशा तळ्यातली असेल तर मुलांच्या ताटात नको.

चरबीत बसणारी द्रव्यं म्हणजे डायॉक्सिन आणि पीसीबी, दोन्ही औद्योगिक प्रदूषणातून येणारी. या बाबतीत गाजलेलं उदाहरण पाळलेल्या सामन माशाचं. 2004 साली 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे 700 सामन माशांची तपासणी प्रसिद्ध झाली. पाळलेल्या सामनमध्ये, विशेषतः युरोपातल्या, ही द्रव्यं जंगली सामनपेक्षा बरीच जास्त निघाली. कारण तळ्यात नव्हतं, खाद्यात होतं. सामनचं खाद्य छोट्या समुद्री माशांच्या तेलावर आणि भुकटीवर चालायचं, आणि त्या तेलात समुद्रातलं सगळं गोळा होऊन यायचं. त्यानंतर खाद्यात मोहरीवर्गातल्या रेपसीडचं तेल आणि सोया वाढत गेलं, प्रदूषण घटलं. त्याची किंमत अशी की ज्या ओमेगा-3साठी लोक सामन खातात तेही घटलं. स्कॉटलंडच्या पाळलेल्या सामनमध्ये 2006 ते 2015 या काळात ते जवळपास निम्म्यावर आलं. मुंबई-पुण्यात, किंवा परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरी नॉर्वेचा सामन आता नेहमीचा झाला आहे, म्हणून हे माहीत असलेलं बरं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 साली डायॉक्सिन गटाची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे 14 पिकोग्रॅमवरून (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग) 2 वर आणली. मासा पूर्वीपेक्षा स्वच्छ झाला, पण मापही कडक झालं.

इथे स्वयंपाकघराची मदत होते. कातडी काढली, पोटाकडची चरबी आणि बाजूच्या रेषेखालची तपकिरी पट्टी कापून टाकली, आणि मासा जाळीवर भाजून चरबी गळू दिली, तर या द्रव्यांचा एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत भाग जातो. त्याच चरबीचं कालवण केलं तर ती रश्श्यात उतरते आणि आपण ती भातावर घेतो. पंगस हाही चरबीचा मासा. त्याची पोटाची पिवळट चरबी काढून टाकायला मिनिटभर लागतं.

आता प्रतिजैविकांकडे वळू. माझ्या मते आपल्या देशात पाळलेल्या माशाचा सर्वात मोठा प्रश्न हाच आहे, आणि यात आमसूल, कातडी, कल्ले यांपैकी काही कामाचं नाही.

2001 सालच्या शेवटी युरोपात आशियातून आलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल सापडलं, 2002 मध्ये नायट्रोफ्युरान गटातली औषधं सापडली, आणि भारतासह बऱ्याच देशांच्या मालावर गंडांतर आलं. क्लोरॅम्फेनिकॉल हे आपल्याकडे एकेकाळी विषमज्वराचं हुकमी औषध. त्यामुळे क्वचित, सुमारे 24 ते 40 हजारांत एकाला, अस्थिमज्जा बंद पडते आणि रक्त तयार होणं थांबतं. हा परिणाम औषधाच्या मात्रेवर ठरत नाही. म्हणूनच 'इतकं चालेल' अशी मर्यादा कुणाला ठरवता आली नाही आणि ते खाद्यप्राण्यांत पूर्ण बंद झालं. युरोपची तपासणीची पातळी आधी किलोला 0.3 मायक्रोग्रॅम होती, नोव्हेंबर 2022 पासून 0.15 आहे.

नायट्रोफ्युरानची गोष्ट जास्त शिकवणारी. औषध दिल्यावर मूळ द्रव्य काही तासांत नाहीसं होतं, पण त्याचे तुकडे मांसातल्या प्रथिनांना पक्के चिकटून आठवडे-आठवडे राहतात. शिजवलं, तळलं, गोठवलं तरी ते तसेच. प्रयोगशाळा मूळ औषध शोधतच नाही, हे चार तुकडेच शोधते: फ्युराझोलिडोनचा एओझेड, फ्युराल्टाडोनचा एएमओझेड, नायट्रोफ्युराझोनचा एसईएम आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा एएचडी. शेतकरी म्हणतो, 'मी तर महिन्यापूर्वी दिलं होतं.' महिना पुरत नाही. आणि कधी तो खरोखर निर्दोषही असतो. भाजल्या-कापल्यावर लावायच्या काही मलमांत नायट्रोफ्युराझोन असतं. हाताला ते लावून कोळंबी सोलणाऱ्या, खाद्य कालवणाऱ्या माणसाकडूनही ते मालात जाऊ शकतं. हाताला जखम असेल तर त्या दिवशी खाद्याचं काम नको, आणि मलम कुठलं आहे ते वाचायची सवय हवी.

किनारपट्टीवरच्या मत्स्य-कोळंबी पालनाचं नियमन करणाऱ्या कोस्टल ॲक्वाकल्चर ॲथॉरिटीच्या बंदीच्या यादीत 20 नोंदी आहेत. त्यात क्लोरॅम्फेनिकॉल, सगळी नायट्रोफ्युरानं, निओमायसिन, नॅलिडिक्सिक ॲसिड, भावंडांसकट मेट्रोनिडॅझोल आणि फ्लुओरोक्विनोलोनही येतात, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, एन्रोफ्लॉक्सासिन. तळ्यावर ही औषधं क्वचितच त्यांच्या नावाने येतात. 'ग्रोथ प्रमोटर', 'गट टॉनिक', 'प्रोबायोटिक' असं लिहिलेली, घटकांची यादी नसलेली पुडी येते. नियम साधा ठेवावा: घटक, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत, या चारपैकी एकही नसेल तर ती पुडी तळ्याच्या बांधावरही आणायची नाही.

कोळंबीत सर्वात जास्त औषध वाया जातं ते विषाणूंवर. व्हाइट स्पॉट हा विषाणूचा रोग. दोन दिवसांत कोळंबी काठाला येऊन मरायला लागते, माणूस घाबरतो आणि हाताला लागेल ते प्रतिजैविक खाद्यात टाकतो. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. पीक जातंच, आणि घाईने विकलेल्या उरलेल्या कोळंबीत औषध भरलेलं असतं, कारण तिला उतरायला एकही दिवस मिळालेला नसतो. बाजारात अचानक स्वस्त, लहान आकाराची पाळीव कोळंबी मोठ्या प्रमाणात आली, तर बहुतेक वेळा ती घाईची काढणी असते. भाव पाहून हुरळू नये.

माशांत कायदेशीर चालणारी औषधंही चुकीच्या हिशेबाने बिघडतात. ऑक्सिटेट्रासायक्लिनची नेहमीची मात्रा दर किलो माशामागे रोज 75 मिलिग्रॅमच्या आसपास, 10 दिवस. तळ्यात 1 टन मासा असेल तर रोज 75 ग्रॅम शुद्ध औषध. मासा वजनाच्या 2 टक्के खाद्य खातो असं धरलं तर ते 20 किलो खाद्यात मिसळायचं. पुड्यावर '10 टक्के' लिहिलं असेल तर पूड 750 ग्रॅम लागते, आणि नेमकी इथे चूक होते. 75 ग्रॅम पूड टाकली जाते. दशांश मात्रेत रोग बरा होत नाही, जिवाणू मात्र औषधाला सरावतात. मग मात्रा अंदाजाने चौपट होते. पूड कोरडीच मिसळली तर पाण्यात पडताच सुटते, म्हणून ती थोड्या खाद्यतेलात कालवून खाद्यावर चढवावी आणि सावलीत वाळवावी. शिवाय आजारी मासा खातच नाही. औषध खातो तो धडधाकट मासा. म्हणून रोगाच्या पहिल्या दिवशी, भूक शाबूत असतानाच, आणि मत्स्यरोग जाणणाऱ्या पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच हे करण्यात अर्थ आहे.

त्यानंतर थांबण्याचे दिवस. मासा थंड रक्ताचा, पाणी गार असेल तर औषध हळू उतरतं. म्हणून थांबायचे दिवस तापमानाला गुणून मोजतात. युरोपात वेगळी सूचना नसेल तर 500 डिग्री-दिवस धरतात. पाणी 28 अंश असेल तर 18 दिवस, हिवाळ्यात 20 अंशांवर आलं तर 25 दिवस. मे महिन्यात चाललेला हिशेब डिसेंबरला लावला की मर्यादा ओलांडली जाते. पाण्याचा थर्मामीटर दोनशे-तीनशे रुपयांत येतो. सकाळी आणि दुपारी, पाण्यात हातभर खाली, दोन नोंदी करून सरासरी घ्यावी. खाद्याच्या वहीतच औषधाचं नाव, बॅच, मात्रा, शेवटची तारीख आणि रोजचं तापमान लिहावं. बंदी असलेल्या औषधांना मात्र ही सूट नाही. तिथे कितीही दिवस थांबलात तरी ते बेकायदाच.

खाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर एका तुकडीतले मायक्रोग्रॅमभर अवशेष हा धोक्याचा लहान भाग. मोठा भाग जिवाणूंचा. तळ्यात वारंवार औषध पडलं की एरोमोनास, व्हिब्रिओ, ई. कोलाय यांच्यात औषधाला न जुमानणाऱ्या पिढ्या तयार होतात आणि त्या कच्च्या माशाच्या अंगावरून आपल्या ओट्यावर येतात. कुक्कुटपालन आणि मत्स्यपालन एकत्र असलेल्या तळ्यात, म्हणजे हेक्टरला 500-600 कोंबड्या आणि त्यांची विष्ठा थेट पाण्यात, कोंबड्यांना दिलेलं औषधही माशापर्यंत पोहोचतं. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटच्या फळीतलं औषध, ते केंद्राने खाद्यप्राण्यांत जुलै 2019 मध्ये बंद केलं. कोंबडखत वापरायचंच तर कुजवून वापरावं, आणि काढणीच्या किमान तीन आठवडे आधी पूर्ण थांबवावं. हे जिवाणू शिजवल्यावर मरतात, पण ज्या पाटावर मासा चिरला त्याच पाटावर काकडी चिरली तर शिजवण्याचा काही उपयोग नाही. माशाची विळी, पाट आणि धुण्याची परात वेगळी असावी. नळाखाली मासा जोरात धुताना उडणारे शिंतोडेही तितकेच धोक्याचे.

बीज केंद्रावर सुरू होणारी एक गोष्ट ग्राहकाला कधीच दिसत नाही: मॅलेकाइट ग्रीन. अंडी आणि बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) यांच्यावर कापसासारखी बुरशी चढते, आणि हा हिरवा रंग ती बुरशी स्वस्तात मारतो. बंदी असूनही त्याचा मोह सुटत नाही. माशाच्या अंगात त्याचं रंगहीन रूप तयार होतं, ते चरबीत बसतं आणि महिनोन्‌महिने राहतं. उंदरांवरच्या प्रयोगांत या रंगहीन रूपाने माद्यांच्या यकृतात गाठी वाढल्या. मासा वाढला की प्रमाण पातळ होतं, संपत नाही. पर्याय आहे. बोटुकली सोडण्यापूर्वी लिटरला 20 ते 30 ग्रॅम साधं मीठ घातलेल्या पाण्यात काही मिनिटं ठेवावी, ती कलंडायला लागली की लगेच काढावी. अल्सरच्या लाल जखमांसाठी भुवनेश्वरच्या सीफा या मत्स्यसंशोधन संस्थेचं सिफॅक्स हे औषध आहे, हेक्टरभर मीटर खोल पाण्याला 1 लिटर.

शेततळ्यात औषधाचा हिशेब चुकतो तो आणखी एका कारणाने. 30 गुणिले 30 मीटर, 3 मीटर खोल आणि काठांना एकास एक उतार असलेलं तळं काठोकाठ भरलं तर त्यात 2,196 घनमीटर पाणी मावतं. हा आकडा बहुतेकांना पाठ असतो. पण मार्चमध्ये पाणी दीड मीटरवर असतं. उतारामुळे तळ अरुंद, म्हणून अर्ध्या खोलीला पाणी निम्मंही नसतं: 976 घनमीटर. घनमीटरला 2 ग्रॅमने पोटॅशियम परमँगनेट टाकायचं असेल तर 1 किलो 950 ग्रॅम हवं. जुना आकडा धरला तर 4 किलो 400 ग्रॅम पडतं, सव्वादोन पट. परमँगनेटने मासे मरतील, माणसाला त्रास नाही. पण माशांच्या उवांसाठी लोक सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, आयव्हरमेक्टिन असंच अंदाजाने टाकतात, आणि तिथे सव्वादोन पटीचा अर्थ माशाच्या चरबीत उरलेलं कीटकनाशक असा होतो. खोली मोजायची काठी तळ्यात कायमची रोवून ठेवावी. द्राक्षबागेला किंवा कपाशीला लागून तळं असेल तर फवारणीचा वारा आणि पहिल्या पावसाचं वाहून येणारं पाणी दोन्ही तळ्यात येतं. बांध फूटभर उंच आणि वरच्या अंगाला चर असावा. नवं पाणी भरल्यावर मच्छरदाणीच्या हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, 10 बोटुकली सोडून 48 तास पाहावं. त्यातली दोन मेली तरी बाकीचं बीज सोडू नये.

खाद्यातला धोका पावसाळ्यात वाढतो. शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, तांदळाचा कोंडा ओलाव्याने गुठळ्या धरतात आणि त्यांवर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी येते. 1960च्या सुमारास अमेरिकेत अशा सरकीच्या खाद्यामुळे ट्राउट माशांमध्ये यकृताच्या कर्करोगाची साथच आली होती. सुदैवाने माशाच्या मांसात ते फार कमी उतरतं, यकृतात जास्त. पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. कुबट वास आलेली पेंड उन्हात वाळवून वापरू नये. ऊन बुरशी मारतं, विष नाही.

थाई मांगूर वेगळा सांगायला हवा. आफ्रिकेतला हा मासा वरून हवा घेऊन जगतो, म्हणून इतर मासे मरतील अशा सडक्या पाण्यात तो वाढतो. कत्तलखान्याच्या आणि कोंबड्यांच्या टाकाऊ भागावर तो पोसला जातो. त्याच्या पालनाला केंद्राने 2000 साली बंदी घातली, 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं. तरी देशी मागूर म्हणून तो विकला जातो. सोपी खूण वजनाची: देशी मागूर क्वचितच 300-400 ग्रॅमच्या वर जातो. किलोभराचा 'देशी' मागूर दिसला तर घेऊ नका.

फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, हे पालनातलं नव्हे, वाहतुकीतलं दूषण. 2018च्या जुलैत गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारातल्या तपासणीवरून जो गदारोळ झाला आणि बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी आली, तो याच कारणाने. तळ्यात परजीवींसाठी घनमीटरला 15 ते 25 मिलिलिटर फॉर्मेलिन वापरलं तर ते विरून जातं, मांसात साठत नाही. बर्फाऐवजी मेलेल्या माशावर लावलं तर ते मांसाच्या प्रथिनांना बांधलं जातं. माश्या बसत नाहीत, डोळे रबरी दिसतात या खुणांवर विसंबू नये. कोचीच्या सिफ्ट संस्थेने कागदी पट्टीची चाचणी काढली आहे, दोन-तीन मिनिटांत रंग कळतो. बोंबलावर ती वापरताना जपून, कारण बोंबलात मेल्यानंतर फॉर्मल्डिहाइड आपोआपही तयार होतं आणि बिचाऱ्या विकणाऱ्यावर खोटा आळ येतो.

बाहेरून आलेल्या कुठल्याही रसायनाहून झटपट मारणारी एक गोष्ट तळ्यातल्या माशात स्वतःचीच असते: पित्ताशय. मधुमेहावर, दम्यावर उपाय म्हणून रोहूचं किंवा गवत्याचं (ग्रास कार्पचं) कच्चं पित्त गिळणारे लोक आहेत. त्याने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, मग यकृताला सूज येते आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडून डायलिसिसची वेळ येते. शिजवल्यानेही ते विष जात नाही. पोट फाडताना हिरवी पिशवी फुटली तर तो भाग कापून टाका, आणि कुणी औषध म्हणून मागितली तर देऊ नका.

तपासणी करून घ्यायची असेल, गावच्या संस्थेला, हॉटेलला किंवा सोसायटीत मिळून घेणाऱ्यांना, तर नमुना नीट द्यावा लागतो. निर्यातीच्या कोळंबीला युरोपसाठी काढणीपूर्व चाचणी लागते. आपल्या बाजारातल्या मालाला तशी सक्ती नाही, म्हणून मागणी आपणच करायची. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडावी, आणि मान्यता 'माशातल्या प्रतिजैविक अवशेषांसाठी' आहे का हे विचारावं, कारण मान्यता चाचणीनिहाय असते. एकाच माशाचा नमुना चालत नाही. तळ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पाच-सहा मासे घेऊन प्रत्येकाची पाठीकडची तुकडी, एकूण अर्धा किलो, स्वच्छ पिशवीत घालून गोठवावी आणि बर्फात पाठवावी. धातू तपासायचे असतील तर यकृत वेगळ्या पिशवीत, धुऊन-पुसून. मॅलेकाइट ग्रीनसाठी पिशवी काळ्या कागदात गुंडाळावी, उजेडाने ते विरतं. आणि कोळंबी पाठवायची असेल तर सोलून, फक्त गर. कवचात एसईएम निसर्गतःही सापडतं आणि सालासकट दळलेल्या नमुन्यामुळे औषध न वापरलेल्या शेतकऱ्याच्या नावावर नायट्रोफ्युराझोन लागतं.